असन्निधानातील सेवा : लीळाकार म्हाइंभट

लीळाचरित्र ज्यांच्या लेखणीतून उतरले त्या म्हाइंभटांच्या हातची पोथी आज जगात नाही. पंथाच्या आद्य ग्रंथाची ती मूळ प्रत चौदाव्या शतकाच्या आरंभीच्या धामधुमीत नाहीशी झाली. पुढच्या पिढ्यांच्या हाती आले ते पाठ स्मरणातून पुन्हा उभे राहिलेले आहेत. एका विद्वानाने आपले घर, मान आणि विद्येचा अभिमान सोडून, दारोदार विचारपूस करून जे लिहिले, त्याचे पान न पान हरवले. मग त्याचे श्रम व्यर्थ गेले काय? सेवेचे फळ हाती उरले नाही तर सेवा फोल ठरते काय? साधकाच्या मनात हा प्रश्न आज ना उद्या उभा राहतोच. म्हाइंभटांचे चरित्र हेच त्याचे उत्तर आहे, आणि ते समजण्यासाठी ते आरंभापासून पाहिले पाहिजे.

म्हाइंभट हे गोदावरीच्या परिसरातील सराळे गावचे ब्राह्मण. घर संपन्न, कुळ प्रतिष्ठित. गणपति आपयो हे त्यांचे विद्यागुरू. देवगिरीच्या यादवांच्या राज्यात त्या काळी संस्कृत विद्येला मोठा मान होता. शास्त्रार्थ करणाऱ्या पंडितांना अग्रहारे मिळत, सभेत आसन मिळे. म्हाइंभटांनी ज्या दर्शनात विशेष प्रावीण्य मिळविले ते प्रभाकरांचे मीमांसादर्शन होय. त्यांची बुद्धी तीक्ष्ण होती, वाणीला धार होती आणि या दोहोंची त्यांना पुरेपूर जाणीव होती. ते दिवसाढवळ्या दिवटी पेटवून चालत, अशी त्यांच्या पांडित्याच्या अभिमानाची कथा परंपरेत प्रसिद्ध आहे. सूर्य डोक्यावर असता दिवटी मिरवावयाची, याचा अर्थ आपल्यावाचून सर्वत्र अंधार आहे एवढाच.

येथे प्रभाकरमताचा एक सिद्धान्त ध्यानात ठेवावा. मनुष्य कर्मास प्रवृत्त का होतो, या प्रश्नावर मीमांसकांत दोन पक्ष आहेत. हे केल्याने माझे इष्ट साधेल, या ज्ञानामुळे मनुष्य प्रवृत्त होतो, असे भाट्ट म्हणतात. प्राभाकरांच्या मते, हे मला कर्तव्य आहे, एवढे ज्ञान प्रवृत्तीला पुरेसे आहे. नित्यकर्म विहित आहे म्हणूनच करावयाचे, त्याला वेगळे फळ शोधू नये, असा त्यांचा आग्रह. म्हाइंभटांनी हा सिद्धान्त तरुणपणीच कंठस्थ केला असणार आणि प्रतिपक्षाला त्यात अनेकदा जिंकले असणार. परंतु सिद्धान्त जिंकणे निराळे आणि तो जगणे निराळे. ज्याला प्रत्येक वादाच्या अखेरीस जयाचे फळ हवे होते, तो फळाविना कर्तव्याचे प्रतिपादन करीत होता. हा विरोध त्यांना कोणी पंडित दाखवू शकला नाही. तो डोमेग्रामी दिसला.

डोमेग्रामी सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींचे वास्तव्य असताना म्हाइंभट त्यांच्या दर्शनास आले. आले ते अर्थात वादाच्या तयारीने. स्वामींनी त्यांच्या शास्त्रवचनांवर वचने रचली नाहीत. मोक्षाचा जो मार्ग म्हाइंभट सांगत होते तो त्यांच्या स्वतःच्या ठायी कितपत आहे, एवढेच स्वामींनी विचारात घेतले. ज्ञानाने मोक्ष म्हणावे तर ते ज्ञान झाले आहे काय? भक्तीने म्हणावे तर ती भक्ती घडली आहे काय? वैराग्याने म्हणावे तर ते वैराग्य अंगी आले आहे काय? अशा प्रश्नांपुढे पाठांतर निरुपयोगी ठरते. ज्याला दुसऱ्याच्या विधानातील दोष क्षणात दिसत असे, त्याला प्रथमच स्वतःकडे पाहावे लागले आणि तेथे काही सापडले नाही. दिवटी हातात होती, पण घर अंधारात होते.

अभिमानी मनुष्याचा अभिमान गळाला की त्याच्या जागी लगेच प्रकाश येतो, अशी भाबडी समजूत असते. प्रत्यक्षात तेथे प्रथम शंका येते. आजवर जे होते ते खोटे ठरले, आणि नवे अजून अंगी आलेले नाही. ही संधिकाळाची अवस्था साधकाला फार जाचते. म्हाइंभटांना स्वामींचे ईश्वरत्व पटले, तरी ते घरदार टाकून तत्काळ अनुसरले नाहीत. ते दर्शनास येत, प्रश्न विचारीत, निरूपण ऐकत आणि परत जात. पटणे आणि अनुसरणे यांच्यामध्ये जी दरी असते ती त्यांनाही ओलांडता येईना. ज्यांच्या पाठीशी विद्येचे एवढे बळ, त्यांची ही स्थिती, तर सामान्य जीवाने आपल्या दुबळेपणाने हताश का व्हावे?

शके ११९६ (इ. स. १२७४) च्या सुमारास स्वामी उत्तरापंथे गेले. सन्निधान संपले. नागदेवाचार्य अर्थात भटोबास आणि इतर भक्तजन स्वामींच्या आज्ञेप्रमाणे ऋद्धिपुरास श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेत आले. आजच्या अमरावती जिल्ह्यातील मोर्शी तालुक्यात असलेले हे गाव पुढील सुमारे चौदा वर्षे सर्व मार्गाचे माहेर झाले. म्हाइंभटही अखेर तेथे आले. संसाराचा त्याग करून त्यांनी नागदेवाचार्यांच्या मार्गदर्शनाखाली भिक्षुधर्म स्वीकारला. पूर्वी पंडितांच्या सभेत अग्रस्थानी बसणारा हा पुरुष आता झोळी घेऊन गावात भिक्षेस जाऊ लागला आणि श्रीप्रभूंच्या सेवेत इतरांबरोबर राबू लागला.

येथे म्हाइंभटांच्या चरित्रातील मर्म आहे. ते आले, पण उशिरा आले. ज्या वर्षांत स्वामी पैठणास, बीडास, हिवरळीस, डोमेग्रामी राहत होते, त्या वर्षांतील बहुतेक दिवस म्हाइंभट सराळ्यास आपल्या घरी होते. महदाइसांनी, उमाइसांनी, साधांनी जे डोळ्यांनी पाहिले होते ते म्हाइंभटांनी पाहिले नव्हते. भटोबासांनी रात्रंदिवस जे सान्निध्य भोगले ते त्यांच्या वाट्याला आले नव्हते. भोवतालचा प्रत्येक जण, अक्षरओळख नसलेली म्हातारीसुद्धा, या एका बाबतीत त्यांच्यापेक्षा श्रीमंत होती. ज्याने जवळ असता वेळ घालविला, त्याला गेलेल्या वेळेचा अनुताप होणारच. असा अनुताप दोन वाटांनी जातो. एक वाट अशी की, आपण अपात्र आहो, आपल्याने आता काही घडावयाचे नाही, असे म्हणून मनुष्य बसून राहतो. ती नम्रतेसारखी दिसते, परंतु तिच्यात अजूनही स्वतःचाच विचार असतो. पूर्वी स्वतःच्या मोठेपणाचा होता, आता स्वतःच्या लहानपणाचा. दुसरी वाट म्हाइंभटांनी धरली.

ऋद्धिपुरात वाजेश्वरीचे स्थान आहे. तेथे नागदेवाचार्य एकान्ती बसत. स्वामींच्या असन्निधानात भिक्षूने काय करावे याचे उत्तर स्वामींनीच देऊन ठेवले होते. नाम, लीळा, मूर्ती आणि चेष्टा यांचे स्मरण करीत राहावे. भटोबास तेच करीत असत. एके प्रसंगी म्हाइंभटांनी त्यांना तसे निवांत बसलेले पाहून ते काय करीत आहेत अशी विचारणा केली, तेव्हा आपण स्वामींच्या लीळा आठवीत आहो असे भटोबासांनी सांगितले. त्या लीळा आपल्यालाही सांगाव्यात अशी म्हाइंभटांनी विनंती केली. स्मृतिस्थळातून पंथाला परिचित असलेल्या या साध्या संवादातून मराठीतील पहिल्या चरित्रग्रंथाचा उगम झाला. शके १२०० (इ. स. १२७८) च्या सुमारास हे कार्य सिद्धीस गेले असे सामान्यतः मानतात.

या उगमाकडे बारकाईने पाहावे. म्हाइंभट ग्रंथ करावा म्हणून वाजेश्वरीला गेले नव्हते. मोठा ग्रंथ लिहिण्यास लागणारे सर्व सामर्थ्य त्यांच्या ठायी होते, परंतु ते तेथे ग्रंथकार म्हणून बसले नाहीत, श्रोता म्हणून बसले. आपल्याजवळ जे नाही ते ज्याच्याजवळ आहे त्याला विचारावे, एवढेच त्यांना सुचले. शंकेवरचा उपाय त्यांना येथे सापडला. मी समर्थ आहे, अशी स्वतःची समजूत घालून शंका जात नाही. ती जाते विचारल्याने, ऐकल्याने, आणि ऐकलेले पुन्हा पुन्हा पडताळल्याने. पूर्वी शंका दुसऱ्याला पाडण्याचे हत्यार होती, ती आता सत्य धुंडाळण्याचे साधन झाली.

मग त्यांनी ज्या रीतीने काम केले ती पाहिली म्हणजे त्यांच्या अंतःकरणात झालेला पालट स्पष्ट दिसतो. स्वामींच्या एकाकी भ्रमणातील लीळांना भक्तांपैकी कोणी साक्षी नव्हता. त्या स्वामींनी प्रसंगोपात्त स्वमुखाने ज्यांना सांगितल्या होत्या त्यांच्याकडून मिळवावयाच्या होत्या. त्यांचा एकांक झाला. पुढील काळातील लीळा पूर्वार्धात आणि उत्तरार्धात आल्या. ज्या लीळेला जो साक्षी, त्याला ती विचारावयाची. ती कोठे घडली, तेव्हा जवळ कोण होते, स्वामी काय बोलले, कोणत्या कारणाने बोलले, हे विचारावयाचे. अनेकदा दोघांच्या आठवणीत फरक पडे. एखाद्या पंडिताने अशा वेळी स्वतःच्या तर्काने निवाडा केला असता. म्हाइंभटांनी मतभेद पुसला नाही. ज्याचे जे मत ते त्याच्या नावाने नोंदवावयाचे, ही रीत त्यांनी पाळली. महदाइसांची आठवण महदाइसांच्या नावाने राहिली. जेथे आपण नव्हतो तेथे आपला निर्णय चालविण्याचा अधिकार आपल्याला नाही, हे त्यांनी ओळखले होते. त्यांच्या उणेपणाची जाणीव येथे प्रामाणिकपणाच्या रूपाने उपयोगी पडली. सर्व काही स्वतः पाहिलेल्या लेखकाने कदाचित इतकी काळजी घेतली नसती.

भाषेच्या बाबतीतही हेच दिसते. संस्कृतात लिहिणे त्यांना सहज होते आणि विद्वानांच्या मान्यतेचा तोच मार्ग होता. त्यांनी लीळा मराठीत लिहिल्या, आणि तेही सभेला शोभणाऱ्या अलंकृत मराठीत नव्हे. वाक्ये आखूड, वर्णन नेमके, बोलणाऱ्याचे बोलणे त्याच्या बोलीत. शेतकरी शेतकऱ्यासारखा बोलतो, म्हातारी म्हातारीसारखी बोलते. स्वामींनी धर्म मराठीत निरूपिला होता. केशिराजबासांसारख्या संस्कृतज्ञाला संस्कृत ग्रंथरचनेपासून आवरताना, तसे केल्याने साध्या भोळ्या बायाबापड्या धर्माला मुकतील, ही चिंता भटोबासांनी व्यक्त केल्याचे पंथात सर्वश्रुत आहे. म्हाइंभटांची लेखणी त्याच चिंतेने चालली. ज्या विद्येवर ते जन्मभर जगले ती त्यांनी शब्दांत कोठे मिरविली नाही. ती विचारण्याच्या नेमकेपणात आणि निवडीच्या शिस्तीत मुरून गेली.

आणखी एक गोष्ट विशेष चिंतनीय आहे. लीळाचरित्रात म्हाइंभटांचे स्वतःचेही प्रसंग आहेत. त्यांत त्यांचा अभिमान आहे, त्यांचे निरुत्तर होणे आहे, त्यांची चूक आहे. ते सर्व त्यांनी स्वतः लिहिले. आपल्या पराभवाची नोंद गाळणे त्यांच्या हाती होते. ती त्यांनी गाळली नाही, आणि आपण किती नम्र झालो हे दाखविण्यासाठी ती फुगविलीही नाही. ती लीळा होती, म्हणून ती लिहिली. ज्याला स्वतःविषयीच्या शंकेने पूर्वी घेरले होते, तो आता स्वतःकडे एका साक्षीदाराच्या दृष्टीने पाहू शकत होता. शंकेवर विजय म्हणतात तो याहून निराळा नसावा. आपण लहान की मोठे, हा प्रश्नच मागे पडतो आणि समोरचे काम तेवढे उरते.

शके १२०९ (इ. स. १२८७-८८) च्या सुमारास श्रीप्रभूही गेले. भक्तजनांवर दुसऱ्यांदा असन्निधानाचे दुःख कोसळले. तेव्हा स्वामींच्या लीळा जशा केल्या तशा श्रीप्रभूंच्याही कराव्यात, असे भटोबासांनी म्हाइंभटांना सुचविले. ऋद्धिपूरचरित्र अर्थात श्रीगोविंदप्रभुचरित्र यातून सिद्ध झाले. या वेळी म्हाइंभट स्वतः अनेक वर्षांचे सेवक आणि साक्षी होते. तरीही त्यांनी रीत बदलली नाही. आता मी पाहिले आहे, मला विचारण्याचे कारण काय, असे त्यांनी म्हटले नाही. पहिल्या ग्रंथाने जी कीर्ती मिळाली असेल ती दुसऱ्याच्या आड आली नाही. पहिल्या वेळी अपुरेपणामुळे जी वाट धरली, तीच दुसऱ्या वेळी परिपक्वतेने धरली. यावरून समजते की, ती वाट त्यांना अडचणीतून सुटण्याची युक्ती वाटत नव्हती. विचारणे, ऐकणे आणि लिहिणे हेच त्यांचे स्मरण होते, आणि स्मरण हेच त्यांचे अनुसरण. तरुणपणी कंठस्थ केलेला कर्तव्याचा सिद्धान्त अशा रीतीने उत्तरवयात त्यांच्या आचरणात उतरला. मात्र तो तर्काच्या जोरावर उतरला नाही. स्वामींच्या आज्ञेत राहून उतरला.

आता मूळ पोथीचे काय झाले ते पाहावे. इ. स. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खलजी देवगिरीवर चालून आला. पुढे दिल्लीची सैन्ये वारंवार दक्षिणेत उतरली आणि इ. स. १३१८ पर्यंत यादवांचे राज्य संपुष्टात आले. पंथाच्या ग्रंथांत खालशाची धाड म्हणून जिचा उल्लेख येतो त्या आपत्तीत गावे उठली, माणसे रानोमाळ झाली, भिक्षुगणही पांगला. या पळापळीत लीळाचरित्राची मूळ प्रत गेली. ज्या एका ग्रंथासाठी एवढी विचारपूस झाली, जो ग्रंथ पंथाचे सर्वस्व होता, तो गेला. पुन्हा विचारण्यास आता ते पहिले साक्षीदारही सर्व उरले नव्हते.

परंतु लीळा गेल्या नाहीत. ग्रंथ सिद्ध होताना आणि झाल्यावरही तो पेटीत बांधून ठेवलेला नव्हता. तो ऐकला जात होता, सांगितला जात होता, पाठ केला जात होता. हिराइसांसारख्या एकपाठी साध्वीच्या मुखी तो होता. इतरांच्या स्मरणात त्याचे लहानमोठे भाग होते. त्यांनी तो पुन्हा सांगितला, पुन्हा लिहविला. हिराइसांची वासना, परशरामबासांची वासना, रामेश्वरबासांची वासना असे जे पाठभेद आज पंथाला ठाऊक आहेत, ते या पुनर्घटनेच्या खुणा होत. आणि पाहा, पुनर्घटना करणाऱ्यांनीही मतभेद पुसून एकच पाठ सर्वांवर लादला नाही. ज्याची जी वासना ती त्याच्या नावाने त्यांनी राखली. ही शिस्त त्यांनी म्हाइंभटांकडूनच घेतली असली पाहिजे. पोथी हरवली, पण पोथी करण्याची रीत हरवली नाही, आणि त्या रीतीने पोथी पुन्हा निर्माण केली.

म्हाइंभटांनी पोथीवरच लक्ष ठेवले असते, तर काय झाले असते? ती एकट्याने, लवकर, सुबक संस्कृतात लिहून काढता आली असती. विद्वानांनी तिची वाखाणणी केली असती. पण ती हिराइसांच्या मुखी बसली नसती, आणि ज्या दिवशी ती गेली त्या दिवशी सर्व संपले असते. त्यांनी लक्ष स्मरणावर ठेवले, म्हणून स्मरणाने पोथी राखली. फळाकडे न पाहता केलेली सेवा फळाविना राहतेच असे नाही. पण ते फळ केव्हा, कोणाच्या हाती, कोणत्या रूपाने यावे, हे परमेश्वराधीन आहे. विधी आचरणे एवढेच जीवाकडे आहे.

पुढील इतिहास सर्वांना विदित आहे. लीळाचरित्रातील स्वामींची वचने वेगळी काढून केशिराजबासांनी सूत्रपाठ आणि दृष्टांतपाठ सिद्ध केले, आणि पंथाचे सर्व ब्रह्मविद्याशास्त्र त्यांवर उभे राहिले. पुढे सांकेतिक लिप्यांच्या कुलुपात हे धन शतकानुशतके मठांतून सांभाळले गेले. विसाव्या शतकात, इ. स. १९३६ पासून, ह. ना. नेने यांच्या संपादनामुळे लीळाचरित्र मुद्रित रूपाने जनतेपुढे येऊ लागले. ज्या ऋद्धिपुरात वाजेश्वरीच्या एकान्तात त्या गोष्टी सांगितल्या आणि लिहिल्या गेल्या, तेथेच २०२४ साली मराठी भाषेचे विद्यापीठ सुरू झाले. साडेसातशे वर्षांपूर्वी झोळी खांद्याला लावून लीळा विचारीत फिरणाऱ्या भिक्षूला यातले काहीही दिसत नव्हते. त्याला दिसत होते ते एवढेच की, आज अमुक लीळा अमक्याला विचारावयाची राहिली आहे.

मार्गात उशिरा आलेल्या, आपले हातून काही होत नाही म्हणून खंतावणाऱ्या भिक्षूने किंवा वासनिकाने म्हाइंभटांचे हे चरित्र मनात धरावे. नामस्मरणाला बसल्यावर मन ठरत नाही, सूत्रे पाठ होत नाहीत, दुसऱ्याची प्रगती पाहून आपले उणे अधिक बोचते. ही बोच वाईट नाही. ती घेऊन स्वस्थ बसणे वाईट. जे आपल्याजवळ नाही ते जाणत्याला विचारावे, ऐकलेले घोकावे, घोकलेले पडताळावे, आणि उद्या पुन्हा तेच करावे. आपल्या श्रमाची पोथी टिकेल की जाईल, याचा हिशेब आपल्याकडे नाही. म्हाइंभटांची पोथी गेली. त्यांचे स्मरण मात्र एका दिवसानेही उणे झाले नाही.